काढलेलं मॉड्यूल रीबूटनंतर परत येतंय? आधी ते कोण बोलावतंय ते शोधा

लक्षण असं: लिनक्स बोर्डावरचं नको असलेलं कर्नल मॉड्यूल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडता-काढता येणारा तुकडा, बहुतेकदा ड्रायव्हर) आरएममॉड कमांडने काढलं की सगळं सुरळीत चालतं. लाईट जाऊन आली की ते पुन्हा हजर. मॉड्यूल अडवायच्या ब्लॅकलिस्टमध्ये नाव टाकलं तरी हजर. मग कोणीतरी वैतागून मॉड्यूलची फाइलच उडवतो, चार महिने शांतता असते आणि एका अपडेटनंतर परत तोच फोन येतो.

उदाहरण शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं घेतो. इंडक्शन फर्नेसची कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानावर तिथे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक नजर ठेवतो. सुरुवातीला त्यासाठी डीएस१८बी२० हा वन-वायर (एकाच डेटा तारेवर बोलणारा) सेन्सर होता, जीपीआयओ ४ वर, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतल्या (हेडरच्या) ७ नंबरच्या पिनवर. पुढे तो सेन्सर गेला, त्या जागी आरटीडी (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) आणि आरएस-४८५ या सिरियल जोडणीवर बोलणारा ट्रान्समीटर आला. मोकळी झालेली जीपीआयओ ४ भोंग्याच्या रिलेला देण्यात आली. तेव्हापासून साप्ताहिक सुट्टीनंतर मेन स्विच चालू केला की सुपरवायझरचा फोन ठरलेला: "दादा, बोर्ड चालू हाय, लाल दिवा बी लागलाय, पन भोंगा परत मुका झालाय बगा."

प्रोग्रामच्या लॉगमध्ये "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" असं येत होतं. कोणती पिन कोणाकडे आहे ते दाखवणारं जीपीआयओइन्फो चालवून पाहिलं तर ४ नंबरच्या लाइनवर वन-वायरने आधीच ताबा मिळवलेला. एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) डब्ल्यू१_जीपीआयओ आणि त्याच्याखालचं "वायर" नावाचं, ही दोन्ही मॉड्यूल्स बसलेली. सेन्सर कधीच निघून गेलाय, पण त्याचा ड्रायव्हर जागा सोडत नाही. (कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

इथे "बिझी" असा स्पष्ट निरोप मिळाला हे नशीबच समजा. आरपीआय.जीपीआयओसारखी जुनी लायब्ररी कर्नलला न विचारता थेट रजिस्टरमध्ये लिहिते. मग एरर येत नाही. प्रोग्राम आणि ड्रायव्हर दोघं एकाच पिनवर हात ठेवून बसतात आणि भोंगा मनाला येईल तेव्हा वाजतो. असा प्रकार दिसला तर रिले बदलण्याआधी एलएसमॉड बघा. आणि हो, कूलिंग पाण्याचा फ्लो स्विच थेट पॅनेलमध्ये वायर केलेला असलाच पाहिजे. फर्नेसची सुरक्षा एकट्या रास्पबेरी पायवर सोडणं मला मान्य नाही, त्यावर सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो.

आता मुद्द्याचं. मॉड्यूल आपणहून लोड होत नाही, त्याला कोणीतरी बोलावतं. बोलावणारे बरेच असतात आणि प्रत्येकाला अडवायची जागा वेगळी आहे. ब्लॅकलिस्ट त्यातल्या काहींनाच अडवते, म्हणून "लिहिली तरी चालत नाही" ही तक्रार येते.

सगळ्यात नेहमीचा बोलावणारा म्हणजे यूडेव्ह, नव्या डिव्हाइसची व्यवस्था लावणारी सिस्टमची सेवा. कर्नलला एखादं डिव्हाइस सापडलं की तो त्याचं मॉडएलियास (ओळखीची खूण) जाहीर करतो. यूडेव्ह ते वाचतो आणि ज्या मॉड्यूलने "हे माझं" असं आपल्या फाइलीत लिहून ठेवलंय ते लोड करतो. यूएसबी डिव्हाइस स्वतःची ओळख सांगतं, पण जीपीआयओला जोडलेली वस्तू बोलू शकत नाही. तिची ओळख डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय याच्या वर्णनात, लिहावी लागते. आपल्या बोर्डाच्या कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये "डीटीओव्हरले=डब्ल्यू१-जीपीआयओ" ही ओळ सेन्सरच्या काळापासून तशीच राहिली होती. रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंग्जच्या मेन्यूत) कधीतरी वन-वायर चालू केलं की हीच ओळ तिथे जाऊन बसते. सेन्सर काढला, वायर कापली, तरी कर्नलच्या दृष्टीने वन-वायरचा बस तिथे आहेच.

म्हणून पहिली दुरुस्ती तिथे करायची. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल /बूट/फर्मवेअर/ मध्ये असते, त्याआधीच्या इमेजवर थेट /बूट/ मध्ये. ओळीच्या आधी हॅश टाका, रीबूट करा आणि /प्रॉक/डिव्हाइस-ट्री मध्ये वनवायर नावाने सुरू होणारा नोड उरला नाही ना ते बघा. तो गेला की पिन मोकळी झाली. यानंतरही एलएसमॉडमध्ये डब्ल्यू१_जीपीआयओ दिसलं तर घाबरू नका. डिव्हाइसच नसेल तर ड्रायव्हर नुसता बसून राहतो, पिन पकडत नाही. एलएसमॉडची यादी स्वच्छ करायच्या नादात लोक नको तितका वेळ घालवतात. यादीत नाव असणं आणि त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण ते दिसतंय म्हणजे अजून कोणीतरी बोलावतंय. आणि उद्या कोणी परत रास्पी-कॉन्फिगमध्ये वन-वायर चालू केलं तर पिन पुन्हा गेली. तर हा दुसरा कोण?

इथे एक युक्ती सांगतो, मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. मॉडप्रोब या मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्या कॉन्फिगमध्ये "इन्स्टॉल" नावाचा शब्द आहे. त्याचा अर्थ, अमुक मॉड्यूल लोड करायला सांगितलं तर त्याऐवजी ही कमांड चालव. त्या जागी आपली छोटी स्क्रिप्ट ठेवायची. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये एक फाइल बनवा, तिच्या नावाच्या शेवटी .कॉन्फ हवंच, नाहीतर ती वाचलीच जात नाही. आत एकच ओळ:

इन्स्टॉल डब्ल्यू१_जीपीआयओ /यूएसआर/लोकल/एसबिन/पहारा

पहारा ही दोन ओळींची शेल स्क्रिप्ट. पहिली ओळ "पीएस -ईएफ --फॉरेस्ट" चं आउटपुट /रन मधल्या एका फाइलीला जोडते, दुसरी "एक्झिट १" म्हणून परतते. स्क्रिप्टला एक्झिक्यूट परवानगी द्यायला विसरू नका. लॉग /व्हार/लॉग मध्ये न ठेवता /रन मध्ये ठेवा, कारण बूटच्या सुरुवातीला रूट फाइलसिस्टम अजून लिहिण्याजोगी नसू शकते. /रन रॅममध्ये असतं, त्यामुळे पुढच्या रीबूटआधी ती फाइल वाचून घ्या.

फाइल उघडली की पहारा स्क्रिप्टच्या वर कोण उभा आहे ते झाडासारखं दिसतं. वर सिस्टमडी-यूडेव्हडी असेल तर बोलावणं डिव्हाइसकडून, म्हणजे डिव्हाइस ट्री किंवा यूएसबी बघा. मॉडप्रोबचा पालक कर्नलचाच थ्रेड असेल तर कर्नलने स्वतः मागितलंय. उदाहरणार्थ, वन-वायर बसवर डीएस१८बी२० सापडला की वायर मॉड्यूल त्या फॅमिलीसाठी डब्ल्यू१_थर्म मागवतं, किंवा एखाद्या प्रोग्रामने ब्लूटूथचा सॉकेट उघडला की कर्नल ब्लूटूथ मॉड्यूल मागवतो. सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड दिसलं तर /ईटीसी/मॉड्यूल्स आणि /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ मध्ये कोणीतरी नाव लिहून ठेवलंय. आणि वर पायथन, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) किंवा बॅश दिसलं तर समजून घ्या, एखादी स्क्रिप्ट नाव घेऊन बोलावतेय.

आमच्या बोर्डावर पायथन निघालं. डीएस१८बी२० साठी सगळीकडे फिरणारा जो नमुना कोड आहे, त्याच्या अगदी सुरुवातीला "ओएस.सिस्टम" मधून मॉडप्रोब डब्ल्यू१-जीपीआयओ आणि मॉडप्रोब डब्ल्यू१-थर्म अशा दोन ओळी असतात. जुनी तापमानाची स्क्रिप्ट नव्या सर्व्हिसशेजारी क्रॉनच्या "@रीबूट" ओळीतून चालूच होती. सेन्सर नसल्याने ती लगेच मरायची, पण मरण्याआधी दोन्ही मॉड्यूल्स लोड करून जायची. म्हणून /होम, /ऑप्ट, /यूएसआर/लोकल, /ईटीसी आणि /व्हार/स्पूल/क्रॉन या ठिकाणी "मॉडप्रोब" हा शब्द ग्रेपने शोधा. बूटच्या वेळी चालणारी आरसी.लोकल ही स्क्रिप्टही बघा, जुन्या बोर्डांवर तिथे काय काय सापडतं ते विचारू नका.

ब्लॅकलिस्ट इथे का हरली, ते नीट समजून घ्या. "ब्लॅकलिस्ट डब्ल्यू१_जीपीआयओ" या ओळीचा अर्थ "हे मॉड्यूल कधीच लोड करू नकोस" असा नाही. अर्थ एवढाच की त्या मॉड्यूलने स्वतःच्या फाइलीत लिहिलेली एलियास नावं मानू नकोस. यूडेव्ह एलियासवरून शोधतो, म्हणून तो अडतो. पण कोणी सरळ नाव घेऊन मॉडप्रोब चालवलं तर ते बिनदिक्कत लोड होतं. तसंच दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज असेल तर त्याच्यासोबत तेही ओढलं जातं. काहीजण नेमकं वायर ब्लॅकलिस्ट करतात आणि डब्ल्यू१_जीपीआयओ तसंच सोडतात. डब्ल्यू१_जीपीआयओला वायर लागतंच, मग ते येणारच. दारावरच्या वॉचमनला फक्त अनोळखी माणसं अडवायला सांगितली असतील आणि घरातलाच कोणी पाहुण्याला हाताला धरून आत आणत असेल, तर वॉचमनचा दोष नाही.

पक्कं बंद करायचं असेल तर "इन्स्टॉल डब्ल्यू१_जीपीआयओ /बिन/फॉल्स" लिहा. नाव घेऊन बोलावलं तरी मॉडप्रोब फॉल्स चालवतो आणि एरर देऊन परततो. बऱ्याच ठिकाणी फॉल्सऐवजी ट्रू लिहिलेलं दिसतं. ट्रू लिहिलं की बोलावणाऱ्याला वाटतं मॉड्यूल लोड झालं, आणि लॉगमध्ये काही उमटत नाही. मला फॉल्स बरं वाटतं, निदान एररची ओळ तरी मागे राहते. पहारा स्क्रिप्टमध्ये एक्झिट १ आहे ती त्याचसाठी. इन्समॉडने थेट फाइल लोड केली तर मात्र हे सगळं बाजूला राहतं, कारण इन्समॉड ही कॉन्फिग वाचतच नाही.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे कर्नल कमांड लाइन. सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये "मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=डब्ल्यू१_जीपीआयओ" जोडलं की कर्नल स्वतः नकार देतो, इन्समॉडलासुद्धा. दोन काळज्या घ्या. ती फाइल एकाच ओळीत असली पाहिजे, एंटर दाबून नवी ओळ केली की गडबड. आणि इथे नाव अंडरस्कोरनेच लिहा. मॉडप्रोब डॅश आणि अंडरस्कोर एकच मानतो, पण कर्नल इथे अक्षर न अक्षर जुळवतो. याला "मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=" शी गल्लत करू नका. तीही कमांड लाइनवरच लिहितात, पण तिचा अर्थ नेहमीच्या ब्लॅकलिस्टचाच, म्हणजे नाव घेऊन बोलावलं तर ती अडवत नाही.

"सगळं बरोबर लिहिलं, रीबूट केलं, आणि माझी फाइलच गायब!" अशी तक्रार आली तर मी दुसरं काही न बघता फाइंडएमएनटी (कोणती फाइलसिस्टम कुठे जोडली आहे ते दाखवणारी कमांड) चालवतो. आपल्या भागात कारखान्यातली लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून एसडी कार्ड वाचवायला बरेच जण ओव्हरले फाइलसिस्टम चालू करतात, आणि ते योग्यच आहे. पण मग रूटवर जे काही लिहाल ते रॅममध्ये जातं आणि पॉवर गेली की पुसलं जातं. ब्लॅकलिस्टची फाइल त्या क्षणी दिसते, मॉडप्रोब ती मानतो, तुम्ही खुशीत घरी येता आणि पुढच्या सकाळी बोर्ड जसा होता तसा. फाइंडएमएनटीमध्ये रूटचा प्रकार "ओव्हरले" दिसला तर रास्पी-कॉन्फिगच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समधून तो बंद करा, रीबूट करा, बदल करा, मगच परत चालू करा. बूट पार्टिशनचं वेगळं असतं. त्याला रीड-ओन्ली करायचं की नाही हे रास्पी-कॉन्फिग स्वतंत्र विचारतो, म्हणून काही बोर्डांवर कॉन्फिग.टीएक्सटीमधला बदल टिकतो आणि /ईटीसी मधला जातो. दोन इमेज आलटून पालटून अपडेट होणाऱ्या बोर्डांवरही हीच गत. चालू इमेजमध्ये फाइल लिहिली, अपडेट दुसऱ्या इमेजवर गेलं, आणि तिथे ती फाइल नाहीच. तिथे बदल इमेज बनवतानाच घालावा लागतो.

मॉड्यूलची फाइल डिलीट करण्याबद्दल थोडक्यात: करू नका. ती /लिब/मॉड्यूल्स/ मध्ये कर्नलच्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये असते. नवा कर्नल आला की नवं फोल्डर येतं आणि त्यात ती पूर्ण असते. पुन्हा बसवलेलं पॅकेजही ती परत आणतं. बूट इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उतरणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममधून) होत असेल तर तिची प्रत आतही असू शकते. मॉडप्रोब.डी मधला बदलही इनिटरॅमएफएसपर्यंत पोचवायला अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवावं लागतं. ओव्हरले चालू असताना चालवलं तर उपयोग नाही, हे वर आलंच.

आता दुसरी एक तक्रार, जी वरवर अशीच दिसते पण तिचं उत्तर वेगळं आहे. रास्पबेरी पाय ३ किंवा ४ च्या १४ आणि १५ नंबरच्या जीपीआयओवर आरएस-४८५ चा हॅट (वर बसणारं जोडकार्ड), त्यावर एनर्जी मीटर, बोलायला मॉडबस आरटीयू प्रोटोकॉल. मीटर उत्तर देत नाही किंवा सीआरसी (निरोप शाबूत आला का ते तपासणारा आकडा) चुकतं. कोणीतरी सांगतं की ब्लूटूथ आडवं येतंय. मग एचसीआय_युआर्ट, बीटीबीसीएम, ब्लूटूथ सगळं ब्लॅकलिस्ट होतं. एलएसमॉड चकाचक, मीटर तरीही गप्प.

कारण या बोर्डांवर दोन युआर्ट (सिरियल पोर्टची सर्किट) कामाच्या: चांगली पीएल०११ युआर्ट डिव्हाइस ट्रीने ब्लूटूथ चिपला जोडलेली असते आणि हेडरवर येते ती मिनी युआर्ट. मिनी युआर्टला पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) येतच नाही. मॉडबसच्या सिरियल लाइनची मूळ ठरलेली पॅरिटी ईव्हन, आणि बरेच मीटर त्याच सेटिंगवर असतात. शिवाय मिनी युआर्टचा बॉड रेट (डेटाचा वेग) कोअर क्लॉकवर अवलंबून. मॉड्यूल काढलं म्हणून पिनांची जोडणी बदलत नाही. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये "डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी" लिहिलं की पीएल०११ हेडरवर येते. मग एलएस -एल ने /डेव्ह/सिरियल० बघा, तो टीटीवायएएमए० कडे बोट दाखवायला हवा. अजून टीटीवायएस० कडे असेल तर ओळ चुकीच्या कंडिशनखाली गेलीय का बघा, म्हणजे चौकोनी कंसातल्या दुसऱ्याच मॉडेलच्या नावाखाली. सीएमडीलाइनमध्ये "कन्सोल=सिरियल०" राहिलं असेल तर तेही काढा, नाहीतर बूट होताना लिनक्स आपले मेसेज मीटरलाच ऐकवत बसतो. पाय ५ वर ही भानगड नाही, तिथली सिरियलची रचनाच वेगळी आहे.

आरएममॉडने मॉड्यूल काढायला नकार दिला आणि एलएसमॉडमध्येही नाव नसेल, पण ड्रायव्हर चालू दिसतोय, तर मॉडइन्फो चालवा. फाइलच्या नावाच्या जागी "बिल्टइन" आलं तर तो कर्नलच्या आतच शिजलेला आहे. त्याला ब्लॅकलिस्ट, इन्स्टॉल काहीच लागू नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये ते डिव्हाइस बंद करा, किंवा तात्पुरतं सिसएफएसमधल्या (/सिस खालच्या) ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या अनबाइंड फाइलीत डिव्हाइसचं नाव लिहा. कर्नल स्वतः बनवत असाल तर कॉन्फिगमधून तो काढून टाकणं सगळ्यात सरळ.

बिल्डरूटने बनवलेल्या लिनक्स इमेजवर सहसा बिझीबॉक्स या आटोपशीर कमांड-संचाचा मॉडप्रोब असतो. ब्लॅकलिस्टचं फीचर बिझीबॉक्सच्या कॉन्फिगमध्ये निवडलेलं नसेल तर ती ओळ नुसती शोभेची. तिथे मला वर सांगितलेला कर्नल कमांड लाइनचा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, किंवा मग इमेजमध्ये ते मॉड्यूल घालायचंच नाही.

मेमरी वाचवायची म्हणून यादीतलं एकेक नाव उडवत सुटणारेही भेटतात. एलएसमॉडचा दुसरा रकाना बाइट्समध्ये असतो. बेरीज करून बघा, किती वाचणार ते कळेल. आणि वापरात असलेलं मॉड्यूल आरएममॉड -एफ ने ओढून काढू नका, चालू बोर्ड जागेवर बसू शकतो. तिसऱ्या रकान्यात कोण वापरतंय ते लिहिलेलं असतं, आधी त्याला थांबवा.

शेवटची तपासणी रीबूट कमांडने करू नका. बोर्ड नीट शटडाउन करा, मग पॅनेलमधला एमसीबी खाली करून वर करा, म्हणजे सुट्टीनंतर मेन स्विच चालू होतो तसाच प्रकार होईल. नुसत्या रीबूटमध्ये यूएसबीच्या वस्तूंची पॉवर जाईलच असं नाही आणि काही भानगडी लपून राहतात. बोर्ड वर आला की जीपीआयओइन्फोमध्ये ४ नंबरची लाइन भोंग्याच्या प्रोग्रामकडे आहे का, भोंग्याचं टेस्ट बटण वाजतंय का, आणि /रन मधली पहाऱ्याची फाइल तयारच झाली नाही ना, ते बघा. फाइल झाली असेल तर अजून एक बोलावणारा शिल्लक आहे, तिच्यात त्याचं नाव मिळेल. झाली नसेल तर ओव्हरले बंद करा, पहाऱ्याच्या जागी /बिन/फॉल्स लिहा, ओव्हरले परत चालू करा आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या कागदावर "जीपीआयओ ४: भोंगा" अशी नोंद तारखेसह करा.